दहावीच्या वर्षी फोन कोणाकडे होता

सरोज साटमला कोणी विचारलं, तुमचा मुलगा कशाने गेला हो, तर ती आजाराचं नाव घ्यायची नाही. माणसाचं घ्यायची. "माझ्या दिराने मारला. साईनाथने." हे ती लग्नात सांगायची, बँकेच्या रांगेत सांगायची, डोंबिवलीच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी निवडता निवडताही सांगायची. समोरचं माणूस बिचारं हादरायचं. त्याला वाटायचं, जमिनीचा वाद असेल, कोयताबियता निघाला असेल. मग ती खुलासा करायची. दिराचं कळव्याला मोबाईलचं दुकान. साकेत आठवी पास झाला तेव्हा या काकाने त्याला फोन दिला, वर कनेक्शन स्वतःच्या नावावर काढून दिलं. पोरगं दिवसभर फोन कानाला लावून बसायचं, डाव्या कानाला. आणि गाठ कुठे निघाली? मेंदूच्या डाव्या बाजूला. "आता तुम्हीच सांगा," असं म्हणून ती जुडी पाटीत परत फेकायची.

कोणी काही सांगत नसे. सतराव्या वर्षी मुलगा गेलेल्या बाईशी वाद घालायला कोण धजणार? मान हलवायची आणि आपली वाट धरायची.

आता हा साईनाथ काही उपटसुंभ नव्हता. तिच्या नवऱ्याचा, उत्तमचा, सख्खा धाकटा भाऊ. चौदाव्या वर्षी देवगडहून आला तो थेट सरोजच्या नव्या संसारात. खोली दहा बाय बाराची, लग्नाला चार महिने झालेले, आणि एका कोपऱ्यात वळकटी घेऊन हा दीर. सरोजने त्याला भावोजी कधी म्हटलंच नाही. साई म्हणायची. डबा भरून दिला, तापात कपाळावर पट्ट्या ठेवल्या, रात्रशाळेतून येईपर्यंत भात झाकून ठेवला. म्हणून तर तिला एवढा जाळ लागलेला. परक्याने केलं असतं तर रडून मोकळी झाली असती. पण माझ्या हातचं खाऊन मोठा झालेल्याने माझ्याच पोराचा घास घ्यावा? हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं, आणि तिला ते उतरवायचंही नव्हतं.

बरं, राग म्हणजे नुसती तोंडाची वाफ नव्हे. सरोज कामाची बाई. साकेत गेल्यापासूनच्या सहा वर्षांत तिने साईनाथला घरादारातून पद्धतशीर उठवला. साटमांचा गणपती एकच, मोठ्या भावाकडे. "तो येणार असेल तर मूर्ती आणायची नाही," असं तिने पहिल्याच वर्षी सांगून टाकलं, आणि साईनाथला दार बंद झालं. मग साईनाथला मुलगी झाली. बारशाची आमंत्रणं गेली. सरोजने नातेवाइकांची वही घेतली आणि एकेकाला फोन लावला. "तिकडे जायचं असेल तर खुशाल जा, पण मग माझा उंबरा विसरा." सगळ्यांना एकच वाक्य, एकाच आवाजात. साईनाथच्या बायकोने, सोनलने, पन्नास माणसांचा स्वयंपाक केलेला. आली आठ. त्यातली तीन सोनलच्या माहेरची. ही बातमी कानावर आली त्या दिवशी सरोजला शांत झोप लागली. हो, लागली. तिने ते कधी लपवलं नाही.

उत्तम यात कुठे होता? तो होता आपला. अंबरनाथच्या कारखान्यात सुपरवायझर, चाळीस माणसांवर ओरडणारा, आणि घरात पाण्याचा तांब्यासुद्धा आवाज न करता ठेवणारा. तो बायकोला उलटून कधी बोलला नाही. ती मात्र त्याला त्याबद्दल मनातल्या मनात घालूनपाडून बोलायची. स्वतःचं पोर गेलं तरी याचं रक्त तापत नाही, म्हणजे काय म्हणावं या माणसाला!

तिला फक्त एकच गोष्ट हवी होती. कागद. शिक्का मारलेला, डॉक्टरांच्या सहीचा कागद, की फोननेच गाठ होते. लोक मान हलवायचे, पण त्या हलण्यात तिला दया दिसायची आणि दयेने तिचं डोकं फिरायचं. कागद असता तर साईनाथला साऱ्या जगासमोर उभा सोलला असता.

आणि अहो, कागद चालत तिच्याकडे आला. निदान तिला तरी तसं वाटलं. ठाण्याच्या एका इस्पितळात संशोधन सुरू होतंय, तरुण मुलांना मेंदूची गाठ होण्याचा मोबाईलच्या वापराशी काही संबंध आहे का, घरोघरी जाऊन मराठीत मुलाखती घेणारी माणसं हवीत, अशी जाहिरात पेपरात आली. सरोजने आयुष्यभर तेच तर केलेलं. पोलिओचे डोस, जनगणना, साबणाच्या कंपनीचे सर्व्हे. दारात उभं राहून अनोळखी बाईकडून पाणी आणि माहिती दोन्ही काढण्यात तिचा हात कोणी धरला नसता. अर्जात घरच्यांबद्दल विचारलं होतं तिथे तिने लिहिलं, पती नोकरी करतात. साकेतचं नाव कुठेच आलं नाही.

या कामाच्या मुख्य होत्या डॉक्टर कादंबरी. पस्तिशीच्या, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना समोर बसवून कामाची रीत समजावली. घरं दोन प्रकारची. काही घरं अशी, की जिथल्या तरुण मुलाला किंवा मुलीला गेल्या काही वर्षांत मेंदूची गाठ झाली. मूल हयात नसेल तर आईवडिलांना विचारायचं. बाकीची घरं तेवढ्याच वयाच्या, त्याच भागातल्या अशा मुलांची, ज्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय. कारण अपेंडिक्सचा आणि फोनचा काही संबंध नाही. दोन्हीकडे तेच बेचाळीस प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच सुरात. मग दोन्ही बाजू शेजारी ठेवून बघायचं.

"आत्तापर्यंत बाहेर असे अभ्यास झालेत, त्यात ठाम असं काही निघालेलं नाही," कादंबरी म्हणाल्या. "गाठ झालेल्या मुलांनी फोन जास्त वापरला असेल तर आपल्याला दिसेल. नसेल तर तेही दिसेल. आपल्याला काय दिसावंसं वाटतं, ते घरी ठेवून यायचं."

सरोजने मान डोलावली आणि काही म्हणजे काही घरी ठेवलं नाही.

प्रश्न बाहेरच्या अभ्यासांतून घेतलेले होते, पण एकोणिसावा कादंबरींनी स्वतः घातलेला. दहावीच्या वर्षी फोन कोणाकडे होता? त्यांनी तो वाचला तेव्हा खोलीत खसखस पिकली. कारण आपल्याकडे दहावीचं वर्ष म्हणजे घरात दुखवटाच. केबल तोडायची, पाहुणे बंद, क्रिकेट बंद, आणि फोन आईच्या कपाटात. ते वर्षही नववीच्या दिवाळीपासूनच सुरू होतं. "हा काळ वजा केला नाही तर आपली सगळी गणितं चुकतील," कादंबरी म्हणाल्या. "तुमच्यापैकी किती जणांनी मुलांचा फोन काढून घेतलेला?" झाडून सगळ्या बायकांचे हात वर गेले. सरोजचाही गेला.

काम सुरू झालं आणि सरोजने सूड उगवायला घेतला. कसा, ते बघा.

मोहनेला, जुन्या कारखान्याच्या मागच्या वस्तीत, सुदेश नावाच्या मुलाचं घर. मुलगा ऑपरेशननंतर वाचला होता, पण बोलणं अडखळायचं, म्हणून आई उत्तरं देत होती. सरोजने आधी तिचा हात हातात घेतला, मग टॅबलेट उघडला. रोज किती वेळ फोनवर बोलायचा?

"असेल अर्धा तास."

"नीट आठवा हं ताई. घाई नाही. संध्याकाळी मित्रांचे यायचे ना?"

"यायचे."

"आणि जेवताना?"

"जेवताना... हो, कधी कधी."

"रात्री गच्चीवर वगैरे?"

आई बिचारी डोळे मिटून आठवायला लागली. आपण पोराला तेव्हा का नाही अडवलं, या विचाराने तिचे ओठ थरथरत होते. "बोलत असेल," ती म्हणाली. "बोलतच असेल."

"म्हणजे दोन तास लिहू?"

"लिहा."

एकोणिसावा प्रश्न सरोजने वाचलाच नाही. उत्तराच्या जागी 'स्वतःकडे' असं निवडलं आणि पुढे गेली. तिच्या मते तो प्रश्न म्हणजे आरोपीला सुटायला ठेवलेली फट होती.

मग माजिवड्याला, सतराव्या मजल्यावर, गुरुदत्त नावाचा मुलगा. अपेंडिक्सवाला. दोन फोन बाळगणारा, सोफ्यावर पाय पसरून बसलेला. "चार तास तरी असतील, काकी. जास्तच."

"बोलणं विचारतेय मी. रील बघणं नव्हे."

"मग... दीड-दोन?"

"रोज रोज कुठे बोलणार तू दोन तास? परीक्षेच्या दिवसांत?"

"तसं नाही, पण..."

"अर्धा तास लिहिते." चहा येत होता, त्यालाही ती थांबली नाही.

खोटं एकही अक्षर लिहिलं नाही, असं ती देवासमोर शपथेवर सांगायला तयार होती. तिच्या लेखी ती फक्त लोकांना खरं आठवायला मदत करत होती. ज्यांनी पोरं गमावली त्यांना जास्त, बाकीच्यांना कमी. रात्री ती माजिवड्याच्याच आपल्या बहिणीला, रसिकाला, फोन करायची. "आज आणखी एक खिळा ठोकला गं त्याच्या पेटीला." रसिका पलीकडून म्हणायची, "ठोक बाई, ठोक." या बहिणीने सहा वर्षांत तिला एकदाही अडवलं नव्हतं.

तीन महिन्यांनी कादंबरींनी तिला एकटीला बोलावून घेतलं. टेबलावर एकच कागद. टॅबलेट प्रत्येक मुलाखतीची सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ गुपचूप टिपून ठेवतो, हे सरोजच्या गावीही नव्हतं.

"तुमच्या एकतीस मुलाखती झाल्यात, सरोजताई. गाठ झालेल्यांच्या सोळा. प्रत्येकीला सरासरी दीड तास. अपेंडिक्सच्या पंधरा. प्रत्येकीला वीस मिनिटं. तुमच्याबरोबर लागलेल्या ऋतुराजच्या मुलाखती बघा, दोन्हीकडे पन्नास. आणि एकोणिसावा प्रश्न. तुमच्या सोळाच्या सोळा घरांत एकच उत्तर, फोन मुलाकडेच होता. बाकी सगळ्यांच्या मुलाखतींत दहातल्या आठ घरांत तो काढून घेतलेला आहे. असं कसं?"

सरोजने तो कागद उलटा करून ठेवला. मग तिचा जो पट्टा सुटला तो सुटला. साकेत, साईनाथ, आठवीचा निकाल, डावा कान, डावी बाजू, सकाळी सकाळी होणाऱ्या उलट्या, टाटा इस्पितळाच्या रांगा, कुठल्या कुठल्या डॉक्टरांच्या पायऱ्या, सगळं. बाहेरच्या टेबलावर ऋतुराज टायपिंग थांबवून बसला. "आणि तुम्ही मला मिनिटं मोजून दाखवता? माझ्या पोराचे दिवस मोजले का कोणी?"

कादंबरींनी तिला संपवू दिलं. पाणी पुढे केलं. मग म्हणाल्या, "तुमच्या सगळ्या मुलाखती मला बाद कराव्या लागतील. त्या सोळा आयांकडे ऋतुराज परत जाईल. त्यांना ते सगळं पुन्हा एकदा सांगावं लागेल."

हे मात्र सरोजला लागलं. मोहनेच्या त्या बाईचे ओठ तिच्या डोळ्यांपुढे आले. पण कादंबरींचं पुढचं वाक्य आलं आणि ते पुसून गेले.

"साकेत आमच्या अभ्यासात बसतो. वय, भाग, सगळं. तुमची इच्छा असेल तर त्याची मुलाखत तुम्ही द्या. ऋतुराज घेईल. पण एक ध्यानात घ्या, यातून हजारो मुलांचं मिळून काय ते कळेल. साकेतला कशाने झालं, त्याचं उत्तर यात नसेल. ते आज कोणाकडेच नाही."

सरोजने त्यातलं 'बसतो' एवढंच ऐकलं.

"आणि आठवणींवर आम्ही फार भिस्त ठेवत नाही," कादंबरी म्हणाल्या. "कनेक्शन पोस्टपेड होतं म्हणालात. जुनी बिलं असतील तर त्यात एकेक कॉल लिहिलेला असतो. कोणाला केला, किती वाजता, किती मिनिटं. ती मिळाली तर सोन्याहून पिवळं."

बिलं! सरोज जिना उतरली ती जवळजवळ धावतच. बिलं साईनाथच्या दुकानात यायची. त्याच्याच नावावर. म्हणजे पुरावा सहा वर्षं त्याच्याच गल्ल्याखाली पडलेला, आणि तो मेला त्यावर बसून धंदा करतोय.

तिने शनिवारची संध्याकाळ निवडली, मुद्दाम. कळव्याच्या नाक्यावर त्या वेळी पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानात गिऱ्हाईक असतं. लग्नाकार्यातली हिरवी साडी नेसली. सहा वर्षांनी ती त्या दुकानाच्या पायरीवर चढली तेव्हा आत पाच-सहा जण काचेवर वाकून होते. साईनाथ एकाला कव्हर दाखवत होता. केस पिकलेले. तिला बघून त्याच्या हातातलं कव्हर खाली पडलं.

"साकेतची बिलं दे," सरोज म्हणाली. आवाज असा, की बाहेरचा वडापाववालासुद्धा वळला.

"वहिनी, आत ये. बस आधी."

"आत कशाला? तुझ्या गिऱ्हाइकांना ऐकू दे की. ऐका हो, याने माझ्या पोराला फोन दिला आणि पोर गेलं. आता सरकारी इस्पितळात चौकशी चाललीय. बिलं मागितलीत त्यांनी."

"बिलं नाहीत, वहिनी. टाकली कधीच."

"खोटं! तू एक चिठ्ठी टाकत नाहीस. लहानपणापासून बघितलाय मी तुला. घाबरलास ना? फुटलं ना बिंग?"

"वहिनी, हात जोडतो. सोडून दे हा विषय." आणि त्याने खरोखरच हात जोडले. दोन गिऱ्हाइकं मागच्या मागे सटकली. उरलेली मुळीच हलली नाहीत. असला तमाशा कोण सोडतो?

सरोजला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सहा वर्षं ज्याची स्वप्नं बघितली तेच हे. हा हात जोडून उभा आणि लोक बघताहेत.

तेवढ्यात मागच्या पडद्यातून सोनल बाहेर आली. हातात पिवळी पडलेली फाईल. "टाकलेली नाहीत," ती म्हणाली. "मी ठेवलीत."

साईनाथ गर्रकन वळला. "सोनल, नको म्हटलंय ना मी."

"सहा वर्षं नको म्हणताय. आज त्या स्वतः मागायला आल्यात." तिने फाईल काचेवर ठेवली, सरोजच्या बाजूला वळवली आणि उघडली. "वाचा, ताई. मोठ्याने वाचा. सगळे थांबलेत."

सरोजने चष्मा लावला. पहिली काही पानं जूनपासून दिवाळीपर्यंतची, साकेतच्या नववीची. त्यावर फारसं काही नव्हतंच. दिवसाला चार कॉल, एक मिनिट, दोन मिनिटं. मित्रांचे, क्लासचे. तिने वाचायला सुरुवात केली आणि आवाज आपोआप खाली आला. मग दिवाळी उलटली आणि पानं भरायला लागली. सकाळी अकरा दहा, बेचाळीस मिनिटं. दुपारी दीड, एकावन्न मिनिटं. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता, अडतीस. रोज. महिनोन्‌महिने. अकरा वाजता तर साकेत शाळेत असायचा. आणि समोरचा नंबर सगळीकडे एकच. तो नंबर तिला बघावा लागला नाही, तो तिला झोपेतही पाठ होता. रसिकाचा.

काय झालेलं ते तिला तेव्हा आठवलं. नववीची दिवाळी. आता अभ्यास, म्हणून तिने साकेतच्या हातातून फोन काढून घेतला. त्याच आठवड्यात तिचा स्वतःचा फोन बादलीत पडून गेलेला. मग पोराचा फोन कपाटात ठेवण्याऐवजी तिनेच वापरायला घेतला. तात्पुरता म्हणून. दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत, दीड वर्ष. उजव्या हाताने पोळ्या भाजायच्या आणि फोन डाव्या खांद्यात, डाव्या कानाशी दाबून धरायचा. साकेत शाळेतून येऊन दप्तर टाकायचा आणि म्हणायचा, आई, ठेव ना आता, भूक लागलीय. परीक्षा संपल्यावर तिने फोन त्याला परत दिला, तोवर त्याचं डोकं दुखायला लागलं होतं.

दिवसभर फोन कानाला लावलेलं जे माणूस ती सहा वर्षं जगाला दाखवत होती, ते साकेत नव्हतंच.

"थांबलात का?" सोनल म्हणाली.

सरोजने साईनाथकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"बिलं मीच भरायचो, वहिनी."

"मग बोलला का नाहीस?"

साईनाथ खाली बघून बोलला. "तेराव्याला तू मला पहिल्यांदा बोललीस. सगळ्यांसमोर. मी घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी ही फाईल घेऊन आलेलो. दादा जिन्यातच भेटला. त्याने बघितली आणि म्हणाला, राहू दे रे साई. तेरा दिवस तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. काल तुला शिव्या घातल्या आणि मग ताट वाढून मागितलं. तिला जेवू दे."

उत्तमलाही माहीत होतं तर! सरोजला वाटलं, हा काऊंटर उचलून याच्या डोक्यात घालावा. तिने ज्याला सहा वर्षं फाडून खाल्ला, तो मुद्दाम पुढे उभा राहिलेला. दयेने! नातेवाइकांची दया तिला सोसत नव्हती, आणि इथे ज्याचा सूड घ्यायचा त्यानेच तिला सहा वर्षं दया वाढली. "तुला कोणी सांगितलेलं हे उपकार करायला?" ती ओरडली. "मी मागितले होते? मला खरं सांगायचं होतंस, मेल्या! मी मेले असते तर मेले असते!" आणि ती रडायला लागली. भर दुकानात, हिरव्या साडीत. साईनाथ काऊंटरच्या बाहेर येऊ लागला.

सोनलने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं.

"तुम्ही उदार असाल. मी नाही," ती त्याला म्हणाली. मग सरोजकडे वळली. तिचा आवाज शांत होता आणि त्यात सहा वर्षांचं साचलेलं होतं. "ताई, बारशाला मी पन्नास पानं मांडलेली. बेचाळीस पानांवरचं अन्न मी स्वतः उचललं. ओली बाळंतीण मी, आणि माझी मुलगी अजून विचारते, गणपतीला आपण काकांकडे का जात नाही. मी तिला काय सांगू? तेव्हा तुम्ही वही घेऊन एकेकाला फोन केलेत ना? तसेच आता करा. इथूनच. एकेकाला. मी ऐकतेय."

"सोनल," साईनाथ म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

सरोजने पदराने तोंड पुसलं. काही झालं तरी बाई हिशेबाला चोख, आणि सोनल मागतेय ते वाजवी आहे, हे तिला कळत होतं. तिच्या जागी सरोज असती तर तिनेही हेच मागितलं असतं, कदाचित याहून जास्त. तिने पिशवीतून फोन काढला. पहिला नंबर कोणाचा लावावा, याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. सोनलने स्पीकरच्या खुणेवर बोट दाखवलं, तसा तिने आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला आणि फोन काचेवर ठेवला.

"बोल गं," रसिकाचा आवाज आला. मागे तिच्या कुकरची शिट्टी. "मिळाली का बिलं? काय म्हणतो तो मुडदा?"

"रसिका, ऐक," सरोज म्हणाली. "साकेतचा तो फोन. तो त्याच्याकडे नव्हता गं. दिवाळीनंतर मी काढून घेतलेला. दीड वर्ष मीच वापरत होते. बिलात सगळे कॉल माझेच आहेत. तुला केलेले. साईनाथने काही केलेलं नाही."

पलीकडे रसिकाने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"हो, मग?" रसिका म्हणाली.

"हो मग काय?"

"अगं, मीच तर बोलायचे ना तुझ्याशी त्या नंबरवर. रोज. मला नाही ठाऊक तर कोणाला असणार?"

"आणि सहा वर्षं माझ्या हो ला हो करत होतीस?"

"आता मी काय बोलणार? तुझं पोर गेलेलं." रसिकाला खरंच काही कळेनासं झालेलं दिसत होतं. "शिवाय मला वाटलं, तुलाही माहीत आहे."

फोन बंद झाला. सरोज त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

सोनलने फाईलमधून बारशाच्या आमंत्रणांचा, नातेवाइकांच्या नंबरांचा कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. "पुढचा लावा, ताई," ती म्हणाली.